क्वार्टरबॅकभोवती संघ बांधणे म्हणजे नेमके काय? बेंगल्स, जो बरो आणि सतरावी निवड

ओहायोतला_अप्पा | ६ एप्रिल २०२५

अमेरिकन फुटबॉलमधल्या सिनसिनाटी बेंगल्स संघाबद्दलचा हा धागा काढायला कारणीभूत झालेली चाल तीन वर्षांपूर्वीची आहे. १३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रॅम्स २३, बेंगल्स २० अशी स्थिती होती, ४३ सेकंद उरले होते, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, होता आणि बेंगल्सला एकच यार्ड हवा होता. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जो बरो याच्या हातात चेंडू आला, तेव्हा पलीकडे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जमार चेस जेलन रॅमझीला मागे टाकून मोकळा धावत होता. मात्र त्याच वेळी आतल्या बाजूने ॲरन डॉनल्ड गार्डला (क्वार्टरबॅकला आडोसा देणाऱ्या लाईनमधल्या आतल्या खेळाडूला) रेटून आत शिरला होता. त्याने बरोला धरून गरकन फिरवले आणि बरोने पडता पडता समाजे पेराइनच्या दिशेने भिरकावलेला चेंडू गवतावर पडला. त्या सामन्यात बरोवर सात सॅक झाल्याची, म्हणजे चेंडू हातात असतानाच त्याला सात वेळा पाडल्याची, नोंद आहे. ही आठवी धरपकड त्यात धरली जात नाही, कारण चेंडू हातातून सुटला होता.

त्याआधीच्या वर्षी, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बेंगल्सने पाचवी निवड चेसवर खर्च केली आणि ओरेगनचा टॅकल (लाईनच्या कडेचा खेळाडू) पेने सूएल सोडून दिला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. मी तेव्हा सूएलच्या बाजूने होतो, कारण त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, वॉशिंग्टनविरुद्ध बरोच्या डाव्या गुडघ्याचा निकाल लागलेला मी पाहिला होता. दहा सामन्यांत ३२ सॅक सोसलेल्या पोराला आधी आडोसा द्यायचा सोडून हे लोक एलएसयू या कॉलेजमधला त्याचा जुना दोस्त आणून देत आहेत, असे मला वाटले होते. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाऊन केले, संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला, आणि आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी मला वर्षभर सूएलच्या नावाने हाक मारली.

आता मुद्द्याकडे येतो. गेल्या महिन्यात चेसला चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर आणि टी हिगिन्सला चार वर्षांसाठी ११ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. बरोचा २०२३ चा करार पाच वर्षांसाठी २७ कोटी ५० लाखांचा आहे. म्हणजे रिसीव्हरांचा प्रश्न मिटला. या महिन्याच्या २४ तारखेला ग्रीन बे येथे ड्राफ्ट सुरू होईल आणि बेंगल्सकडे पहिल्या फेरीतली सतरावी निवड आहे. माझे म्हणणे असे आहे की ती निवड गार्डवर, म्हणजे लाईनच्या आतल्या जागेवर, खर्च व्हावी. आपले मत काय, ते सकारण मांडावे.

नवशिका | ६ एप्रिल २०२५

मी पुण्यात राहतो आणि गेली दोन वर्षे रात्री जागून हे सामने पाहतो, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटल्यास क्षमा करावी. लाईनमध्ये पाच जण असतात आणि समोरून बहुतेक वेळा चारच जण येतात, हे मला दिसते. मग पाचांना चौघे आवरत का नाहीत? शिवाय महाग टॅकल कडेला उभे असताना अप्पा आतल्या गार्डबद्दल इतके का बोलत आहेत?

ओहायोतला_अप्पा | ६ एप्रिल २०२५

प्रश्न प्राथमिक असला तरी नेमका आहे. कबड्डीत सात जणांची साखळी असते, पण चांगला चढाईपटू सातांशी खेळत नाही. कोणाचा हात कच्चा आहे ते तो पहिल्या दोन चढायांत हेरतो आणि नंतर त्याच बाजूला जातो. येथेही तसेच घडते. पाचांतला जो एक मोकळा उरतो तो बहुधा मधोमध उभा असलेला सेंटर असतो आणि तो डावीकडच्या किंवा उजवीकडच्या गार्डला मदत करतो. दोन्हीकडे एकाच वेळी त्याला जाता येत नाही, म्हणून एक गार्ड एकटा पडतो, आणि समोरचा प्रशिक्षक आपला सर्वांत खाष्ट माणूस त्याच एकट्यासमोर आणून उभा करतो.

कडेने येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंत वळसा घालून यावे लागते. तेवढ्यात क्वार्टरबॅक दोन पावले पुढे सरकून त्याला मागून जाऊ देऊ शकतो, आणि बरो हे फार सुरेख करतो. पण आतून येणारा थेट त्याच्या छातीवर येतो, त्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही.

यात बरोचा स्वभावही येतो. त्याला शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून पाच यार्ड मागे, उभे राहायला आवडते, आणि पुष्कळदा रनिंग बॅकही (चेंडू घेऊन धावणारा) शेजारी नसतो; पास झेलू शकणारे पाचही जण पळत सुटतात. समोरचा डिफेन्स त्याला उघड्या पुस्तकासारखा दिसावा, यासाठी हा खटाटोप असतो. त्याची किंमत अशी की टॅकलला टेकू द्यायला टाईट एन्ड (टॅकलशेजारी उभा राहणारा, अडवणारा आणि पासही झेलणारा) नसतो आणि आत घुसणाऱ्याला अडवायला बॅक नसतो. लाईनमधल्या पाचांना आपापली कुस्ती आपणच जिंकावी लागते. म्हणून ज्याचा क्वार्टरबॅक असा खेळतो त्या संघाला पाचही जागी बऱ्यापैकी माणूस लागतो. एका जागी हिरा आणि दुसऱ्या जागी खडा, हे त्याला परवडत नाही.

कॅन्ससकाकू | ७ एप्रिल २०२५

अप्पा, तुमचे निदान मला मान्य आहे, पण औषध मान्य नाही. पहिल्या फेरीतच लाईनमन घ्यावा लागतो हा समज आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सने खोटा पाडला आहे, आणि तोही तुमच्याच २०२१ च्या ड्राफ्टमध्ये.

फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये टॅम्पाने आम्हाला ३१-९ असे धुतले. आमचे दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जखमी होते आणि आमचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स संपूर्ण सामनाभर जीव घेऊन पळत होता. महिन्याभरात संघाने त्या दोघांनाही मोकळे केले. गार्ड जो थूनीला पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलर देऊन आणले, बाल्टिमोरकडून ऑरलँडो ब्राऊनला व्यापारात घेतले, दुसऱ्या फेरीत ६३ व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत २२६ व्या क्रमांकावर गार्ड ट्रे स्मिथ घेतला. सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्यात पाचही जागी नवी माणसे उभी होती.

आता बेंगल्सचे पाहा. दुसऱ्या फेरीत तुमची ३८ वी निवड होती. तुम्ही खाली सरकून ४६ व्या क्रमांकावर जॅक्सन कारमन घेतला, चौथ्या फेरीत डँटे स्मिथ घेतला, सहाव्या फेरीत सेंटर ट्रे हिल घेतला. तिघेही लाईनचे होते आणि तिघांपैकी एकही टिकला नाही. हम्फ्री ४६ व्या निवडीच्या वेळी तेथेच बसलेला होता. चेस की सूएल, यावर तुम्ही चार वर्षे वाद घालत आहात. चूक तेथे झालीच नव्हती. चूक एक दिवसानंतर, शुक्रवारी रात्री झाली, आणि त्या वेळी बहुतेक लोक टीव्ही बंद करून झोपलेले होते.

रेव्हनप्रेमी | ७ एप्रिल २०२५

काकूंनी ऑरलँडो ब्राऊनचे नाव घेतले म्हणून एक गंमत सांगतो. तो २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत आमच्या बाल्टिमोरकडे आला. त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली शेवटची, ३२ वी निवड आमचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन होता. आधी लमारसमोर, मग माहोम्ससमोर आणि २०२३ पासून, चार वर्षांच्या ६ कोटी ४० लाखांच्या करारावर, बरोसमोर हा एकच माणूस उभा राहिला आहे. त्याला विचारले तर या धाग्याचे उत्तर तो दोन मिनिटांत देईल.

लमारच्या बाबतीत आमच्या लोकांनी रिसीव्हरांपासून सुरुवातच केली नाही. त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दोन टाईट एन्ड घेतले, हेडन हर्स्ट आणि मार्क अँड्र्यूज, आणि २०१९ मध्ये आक्रमणाचा प्रशिक्षक ग्रेग रोमनने क्वार्टरबॅकच्या पायांना मध्यभागी ठेवून सगळी आखणी केली. संघ त्या वर्षी ३,२९६ यार्ड धावला, जो लीगचा विक्रम आहे. त्यांनी आधी मुलाचा पिंड पाहिला आणि मग त्याच्या मापाचे कपडे शिवले. बरोच्या बाबतीत बेंगल्सचा प्रशिक्षक झॅक टेलरने सुरुवातीला उलटे केले असे मला वाटते. तो रॅम्सकडून जे शिकून आला होता, ते सेंटरला चिकटून उभे राहायचे आणि धावण्याचा बहाणा करून पास फेकायचे तंत्र, त्याने बरोच्या अंगावर चढवून पाहिले.

चौथा_डाऊन | ८ एप्रिल २०२५

रेव्हनप्रेमींच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो अप्पांच्या गार्डच्या मागणीविरुद्ध जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२२ च्या उन्हाळ्यात बेंगल्सने ॲलेक्स कॅपा, सेंटर टेड कॅरस आणि लएल कॉलिन्स असे तीन नवे लाईनमन पैसे मोजून आणले. सुपर बोलचा धडा घेतला म्हणून सगळीकडे वाहवा झाली. त्या वर्षी अनंत चतुर्दशी शुक्रवारी होती आणि पहिला सामना लगेचच्या रविवारी, पिट्सबर्गविरुद्ध. त्यात बरोवर सात सॅक झाले. पुढच्या आठवड्यात डॅलसमध्ये सहा. दोन्ही सामने हरले. माणसे नवी होती, पैसा खर्च झालेला होता, तरी दोन आठवड्यांत तेरा सॅक.

नंतर काय बदलले, तर माणसे तीच राहिली आणि मांडणी बदलली. सेंटरला चिकटून उभे राहणे कमी झाले, शॉटगनमधूनच धावण्याच्या चाली येऊ लागल्या, चेंडू लवकर सुटू लागला. साखळीतले शेवटचे आठही सामने त्यांनी जिंकले. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तर कॅपा, कॉलिन्स आणि जोना विल्यम्स असे तिघे जखमी असताना त्यांनी बर्फात बफेलोला २७-१० असे हरवले. पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीमध्ये मात्र त्याच राखीव लाईनवर पाच सॅक झाले आणि सामना २३-२० असा गेला. म्हणजे आखणीने पुष्कळ झाकता येते, पण चीफ्सच्या ख्रिस जोन्ससारखा आतून घुसणारा माणूस समोर आला की झाकलेले उघडे पडते.

शिवाय एक गोष्ट बरोच्या चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. २०२१ मध्ये त्याच्यावर ५१ सॅक झाले, २०२४ मध्ये ४८. यातले बरेचसे लाईनच्या खात्यावर टाकता येतात, सगळे येत नाहीत. चेसच्या भीतीने समोरचे दोन्ही सेफ्टी (डिफेन्समधले सर्वांत मागचे) खोल मागे उभे राहतात, लांबच्या वाटा उघडायला वेळ लागतो, आणि बरो ती उघडेल या आशेने चेंडू धरून बसतो. ज्या रिसीव्हरने त्याचे काम सोपे केले, त्याच्याचमुळे लाईनला अर्धा सेकंद जास्त तग धरावा लागतो. सूएल घेतला असता तर हा अर्धा सेकंद लागलाच नसता, हेही खरे आहे, कारण लांब फेकायला कोणी उरलेच नसते.

आकडेमोड्या | ९ एप्रिल २०२५

वरची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सगळे जण चेंडू आपल्याकडे असतानाचाच विचार करत आहेत. या वर्षी एका संघाची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. बरो, चेस आणि हिगिन्स यांच्या करारांची वार्षिक सरासरी अनुक्रमे साडेपाच कोटी, चार कोटींहून थोडी जास्त आणि पावणेतीन कोटींहून थोडी जास्त, म्हणजे एकत्र सुमारे १२ कोटी ४० लाख होते. प्रत्यक्ष हिशेबात बोनस पुढच्या वर्षांवर पसरवला जातो, त्यामुळे कोणत्याही एका वर्षी नेमका हाच बोजा पडत नाही. तरीही पन्नासहून अधिक खेळाडूंच्या घरात तिघेच जण शिधा किती उचलतात, याचा अंदाज येतो.

बरो पहिल्या करारावर होता तेव्हा चार वर्षांचे मिळून त्याला सुमारे ३ कोटी ६० लाख मिळत होते. त्या काळात राहिलेल्या पैशातून डिफेन्स विकत आणता येत होता. ती खिडकी बंद झाली. यापुढे स्वस्त आणि चांगला खेळाडू मिळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ड्राफ्ट.

आता गेल्या हंगामातले हे चार पराभव पाहा. वॉशिंग्टनविरुद्ध ३३-३८, बाल्टिमोरविरुद्ध जादा वेळेत ३८-४१, पुन्हा बाल्टिमोरविरुद्ध ३४-३५, पिट्सबर्गविरुद्ध ३८-४४. चारही वेळा आपण तेहतीस किंवा अधिक गुण केले आणि चारही वेळा हरलो. बरोने लीगमध्ये सर्वाधिक, ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन फेकले, चेस झेल, यार्ड आणि टचडाऊन या तिन्ही बाबतींत पहिला आला, आपल्या डिफेन्सच्या ट्रे हेन्ड्रिक्सनने साडेसतरा सॅक केले, आणि संघ ९-८ होऊन घरी बसला. या संघाला सतराव्या निवडीवर गार्ड हवा आहे, असे म्हणणे म्हणजे छपरातून धार लागलेली असताना दाराला नवी कडी बसवण्यासारखे आहे.

ओहायोतला_अप्पा | ९ एप्रिल २०२५

आकडेमोड्या, आपला हिशेब बिनतोड आहे. त्या बाल्टिमोरच्या ३४-३५ नंतर मी रात्री दोन वाजता भांडी घासत होतो, कारण झोप येणे शक्य नव्हते. तरीही एक शंका उरतेच. ३८ गुण करणारा बरो जेव्हा मैदानावर असतो तेव्हाच तुमचा डिफेन्सचा प्रश्न निर्माण होतो. २०२० मध्ये गुडघा, २०२३ मध्ये उजवे मनगट. पाचांपैकी दोन हंगाम तो अर्ध्यावर सोडून गेला. तो नसेल तर चांगला डिफेन्स घेऊन करायचे काय?

काकूंचा मुद्दा मात्र मी निमूटपणे मान्य करतो. हम्फ्रीचा क्रमांक मी आज पहिल्यांदाच कारमनच्या क्रमांकाशेजारी ठेवून पाहिला.

कॅन्ससकाकू | १० एप्रिल २०२५

निमूटपणे मान्य करू नका, कारण आमचेही दिवस फिरले आहेत. यंदाच्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाने आमच्यावर सहा सॅक केले, सामना ४०-२२ असा गेला. डावा टॅकल कोणी धड सापडेना म्हणून गार्ड थूनीला हंगामाच्या उत्तरार्धात तिकडे सरकवला होता, त्याने आतली जागाही दुबळी झाली आणि कडेचीही. आणि आता थूनीलाच शिकागोला देऊन टाकले आहे. चार वर्षांपूर्वी बांधलेली लाईन चार वर्षांनी पुन्हा बांधावी लागते.

फिलाडेल्फियाचे मात्र कौतुक करते. त्यांचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा २०१८ मध्ये सातव्या फेरीत आला, ऑस्ट्रेलियातून, आणि तोपर्यंत तो रग्बी लीग खेळत होता. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. जेफ स्टाउटलँडसारखा लाईनचा प्रशिक्षक त्यांच्याकडे होता. गार्ड कितव्या निवडीवर घ्यायचा यापेक्षा तो घरी आल्यावर त्याला घडवणार कोण, हे आधी ठरवा. बेंगल्सने जानेवारीत लाईनचा प्रशिक्षक बदलला, ही मला तुमच्या सतराव्या निवडीपेक्षा मोठी बातमी वाटते.

चौथा_डाऊन | २७ एप्रिल २०२५

ड्राफ्ट पार पडला. सतरावी निवड टेक्सस ए अँड एमचा शेमार स्टुअर्ट, कडेचा डिफेन्सिव्ह लाईनमन. दुसऱ्या फेरीत लाईनबॅकर (डिफेन्सच्या लाईनमागचा खेळाडू) डिमिट्रियस नाइट. तिसऱ्या फेरीत ८१ व्या क्रमांकावर जॉर्जियाचा गार्ड डिलन फेअरचाइल्ड. आकडेमोड्यांचे म्हणणे पहिल्या दोन फेऱ्यांत मान्य झाले आणि अप्पांचे तिसऱ्या.

स्टुअर्टबद्दल माझी तक्रार आहे. अंगकाठी, वेग, उडी, सगळे डोळे दिपवणारे. पण कॉलेजच्या तीन वर्षांत त्याचे साडेचार सॅक आहेत. ज्या संघाला या सप्टेंबरातच गुण रोखायचे आहेत त्याने पुढे कधीतरी घडेल असा खेळाडू घेतला आहे. फेअरचाइल्ड उलट प्रकारचा आहे. त्याने शाळेत कुस्ती गाजवलेली आहे आणि ते त्याच्या पायांत दिसते: धक्का बसला की तो मागे झुकत नाही, बूड खाली टाकतो.

ओहायोतला_अप्पा | २९ नोव्हेंबर २०२५

धागा मुद्दाम वर आणतो आहे.

सप्टेंबरात दुसऱ्याच सामन्यात, जॅक्सनव्हिलविरुद्ध, ॲरिक आर्मस्टेडच्या सॅकखाली बरोच्या पायाचा अंगठा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो सामना आपण ३१-२७ असा जिंकलो, आणि पुढच्या दोन सामन्यांत मिळून तेरा गुण केले. मिनेसोटात १०-४८, डेन्व्हरमध्ये ३-२८. एप्रिलमध्ये मी विचारले होते की तो नसेल तर काय. त्याचे उत्तर इतक्या लवकर आणि इतके उघडे मिळेल, असे वाटले नव्हते.

पण ऑक्टोबरात क्लीव्हलंडकडून चाळिशीचा जो फ्लॅको आला आणि गोष्ट पुन्हा पालटली. तेच चेस, तेच हिगिन्स, तीच लाईन. फ्लॅकोला पळता येत नाही, म्हणून तो चेंडू धरून बसत नाही. पाऊल टेकले की चेंडू हातातून गेलेला असतो. जेट्सविरुद्ध आपण ३८ गुण केले, शिकागोविरुद्ध ४२. आणि दोन्ही सामने हरलो, ३८-३९ आणि ४२-४७. क्लीव्हलंडने सोडून दिलेला क्वार्टरबॅक येऊन ४२ गुण करतो आणि तरी संघ हरतो, तेव्हा आकडेमोड्या बरोबर होते हे मला लेखी द्यावेच लागेल. चौथा_डाऊन यांचा अर्ध्या सेकंदाचा मुद्दाही फ्लॅकोनेच सिद्ध केला.

परवा, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, बरो बाल्टिमोरमध्ये परतला. घरी पाहुणे होते, एकीकडे पुरणपोळ्या लाटल्या जात होत्या, त्यामुळे पहिला भाग मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. जुना बरो जेथे तिसरे पाऊल टाकून आणखी खोल पाहत थांबला असता, तेथे तो चेंडू आखूड देऊन मोकळा होत होता. अंगठ्याने शिकवले की फ्लॅकोला पाहून शिकला, सांगता येत नाही. ३२-१४ असा जिंकलो.

आकडेमोड्या | २९ नोव्हेंबर २०२५

लेखी मिळाले, जपून ठेवतो. पण अप्पा, १४ गुणांवर रोखले हेही आपण लिहिले आहे आणि त्यावर एक शब्दही खर्च केलेला नाही. हंगामभर याच डिफेन्सच्या नावाने आपण दोघांनी बोटे मोडली आहेत. त्या सामन्याची पुन्हा एकदा पारायणे करा, या वेळी चेंडू बाल्टिमोरकडे असतानाचा भाग पाहा, आणि मग पुढच्या एप्रिलसाठी सेफ्टी हवा की लाईनबॅकर, ते सांगा.

ओहायोतला_अप्पा | ३० नोव्हेंबर २०२५

पाहिले. सेफ्टी हवा. आणि तिसऱ्या फेरीत एक सेंटर, कारण कॅरस काही कायम राहणार नाही.